विणकरांच्या गावाला प्लॅस्टिकच्या पताका!

आश्विन महिना लागला की बऱ्हाणपूरच्या बाजारपेठेला जाग येते. तापीकाठी बालाजीचा मेळा भरावयाचा असतो, त्याच्या पाठोपाठ दिवाळी दाराशी येऊन उभी राहावयाची असते, आणि शनवाऱ्यापासून गांधी चौकापर्यंत, इतवाऱ्यापासून राजपुऱ्यापर्यंत प्रत्येक दुकानदार वर्षभराची तूट या महिना-दीड महिन्यात भरून काढण्याच्या उमेदीने दुकान झाडूनपुसून बसलेला असतो. कपाटांत नवा माल येतो, पाटीवर नवा रंग चढतो आणि दुकानाच्या माथ्यावर दोन बांबूंच्या आधाराने एक फलक ताणला जातो. ‘साड्यांचा नवा माल आला’, ‘जुनी भांडी द्या, नवी न्या’, ‘दिवाळीनिमित्त सवलत’! पंधरा दिवस, फार तर महिनाभर तो तेथे राहतो आणि सण सरला की उतरतो. निदान उतरावा अशी अपेक्षा असते.

या पंधरा दिवसांच्या पाहुण्याविषयी आज आम्हास लिहावयाचे आहे. एवढ्यातेवढ्या फलकावर संपादकीय पानाची जागा खर्ची घालावी काय, असे काही वाचकांच्या मनात येईल. परंतु मंत्री कोण झाला आणि कोण पडला याने इतवाऱ्यातील भांडेवाल्याच्या गल्ल्यात दिवाळीला चार रुपये अधिक पडत नाहीत. त्याच्या दुकानावरील फलक कोणत्या नियमाने राहील आणि कोणत्या नियमाने उतरविला जाईल, यावर मात्र त्याचे त्या महिन्याचे भवितव्य अवलंबून असू शकते. शहराचा कारभार सामान्य माणसाला जेथे प्रत्यक्ष भेटतो, ती ठिकाणे अशीच लहान असतात. नळाची तोटी, कचऱ्याची गाडी आणि दुकानावरचा फलक!

समजा, एका भांडेवाल्याने ठरविले की यंदा सारे कायद्याप्रमाणे करावयाचे. तो सरळमार्गी गृहस्थ आहे. त्याला पाच गोष्टी जाणून घ्यावयाच्या आहेत. आपल्याच दुकानाच्या दर्शनी भागावर तात्पुरता फलक लावण्यास परवाना लागतो काय? लागत असल्यास तो कोणी द्यावयाचा? किती दिवसांत? किती पैशांत? आणि मुदत संपल्यावर फलक न उतरविल्यास दंड किती? या पाच प्रश्नांची उत्तरे ज्या शहरात कचेरीच्या दारावर, साध्या भाषेत, मोठ्या अक्षरांत लिहिलेली असतात, त्या शहरात नियमांचे राज्य आहे असे म्हणता येते. जेथे ती उत्तरे विचारत या मेजावरून त्या मेजाकडे जावे लागते, तेथे नियमांचे नव्हे, मेजांचे राज्य असते. आणि मेजांच्या राज्यात सरळमार्गी माणूस लवकरच एक धडा शिकतो: विचारावयास जाण्यापेक्षा न विचारता लावून मोकळे व्हावे, पुढचे पुढे पाहता येईल!

मध्य प्रदेशात या विषयावर कायद्यांचा दुष्काळ आहे असे मुळीच नाही. महापालिकांचा अधिनियम १९५६ पासून आहे. मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा अधिनियम १९९४ पासून आहे. घराबाहेर दिसणाऱ्या जाहिरातींच्या माध्यमांसाठी राज्य सरकारने २०१७ मध्ये स्वतंत्र नियम केले, ते निराळेच. यांपैकी १९९४ च्या अधिनियमाकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. लोकांच्या नजरेस पडणारी कोणतीही मालमत्ता शाई, खडू, रंग वा अन्य पदार्थाने लिहून अगर खुणा करून विद्रूप करणाऱ्यास त्यात एक हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. परंतु त्याच वाक्यात एक शहाणपणाचा अपवादही आहे. त्या मालमत्तेच्या मालकाचे वा तेथे राहणाऱ्याचे नाव आणि पत्ता दाखविण्यासाठी केलेले लेखन हा गुन्हा नव्हे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना एवढे समजत होते की, स्वतःच्या दारावर स्वतःचे नाव लिहिणारा आणि दुसऱ्याच्या भिंतीवर काहीबाही खरडणारा, या दोघांना एका मापाने मोजता येत नाही.

मुंबईचा कायदा याच भेदाला आणखी पुढे नेतो. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातील ३२८-अ या कलमाने जाहिरात लावण्यास आयुक्तांची लेखी परवानगी आवश्यक ठरविली आहे. तथापि, जी जाहिरात दिव्यांनी झगमगविलेली नाही किंवा इमारतीच्या डोक्यावर आकाशात उभी केलेली नाही, आणि जी त्याच इमारतीत चालणाऱ्या धंद्याविषयी किंवा तेथेच होणाऱ्या विक्रीविषयी आहे, तिला त्या परवानगीच्या जाचातून त्याच कलमाने सूट दिली आहे. दुकानाच्या खिडकीच्या आत लावलेल्या फलकालाही तशीच सूट. मुंबईसारख्या अफाट शहराला जर आपल्या दुकानदाराच्या उंबरठ्याचा एवढा मान ठेवता येतो, तर बऱ्हाणपूरला तो ठेवणे अवघड का वाटावे?

उंबरठा हाच येथे सगळ्या विचाराचा कणा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. उंबरठ्याच्या आत आणि त्याच्या माथ्यावर, रस्त्यावर न येता, कोणाच्या डोक्यावर न लोंबता, दुकानदार आपल्याच मालाविषयी चार शब्द लिहितो, तेव्हा तो धंदा करीत असतो. उंबरठा ओलांडून तो विजेच्या खांबाला दोरी बांधतो, समोरच्या घराच्या गच्चीपर्यंत कापड ताणतो, किंवा वेशीच्या विटांत खिळा ठोकतो, तेव्हा तो सर्वांच्या मालकीच्या वस्तूवर हक्क सांगत असतो. पहिल्यासाठी माहिती दिली की पुरे. दुसऱ्यासाठी परवाना हवाच, आणि वेशीच्या बाबतीत तर परवाना मागण्याचाही प्रश्न उद्भवू नये. आसफजहा निजामाने १७३१ मध्ये या शहराभोवती विटांचा परकोट उभारला. त्याच्या वेशींनी मराठ्यांच्या फौजा पाहिल्या, शिंद्यांचा अंमल पाहिला, इंग्रजांचे राज्य पाहिले. त्यांच्या अंगावर चपलांच्या सेलची जाहिरात ठोकणाऱ्याची गय करण्याचे काहीच कारण नाही. येथे आम्ही दुकानदाराची बाजू घेणार नाही, हे आमच्या व्यापारी मित्रांनी समजून असावे. विजेच्या खांबाचेही तसेच. त्या खांबावर जिवंत तारा असतात, आणि भिजलेली दोरी माणसाला खांबाशी कशी जोडते, हे पावसाळ्यात शिकावयाची पाळी कोणावर न यावी.

आता प्रश्न असा की, शहरांचा गळा खरोखर कोणत्या फलकांनी घोटला जातो? भांडेवाल्याच्या चार हातांच्या कापडाने? शेजारच्या महाराष्ट्राकडे पाहा. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात मुंबईत घाटकोपर येथे पेट्रोल पंपावर एक अवाढव्य जाहिरात-फलक कोसळला आणि १७ माणसे प्राणास मुकली. महापालिकेची मर्यादा चाळीस फूट बाय चाळीस फुटांची. तो फलक सुमारे एकशेवीस फूट बाय एकशेचाळीस फुटांचा! आणि तो उभा होता कोठे? रेल्वे पोलिसांच्या ताब्यातील जागेवर! त्यापूर्वी ५ ऑक्टोबर २०१८ रोजी पुण्यात भर चौकात लोखंडी सांगाडा वाहनांवर पडून चार जण दगावले, तेव्हा तो सांगाडा रेल्वेच्या जागेतला होता. एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडजवळ किवळे येथे पावसापासून आडोसा घेऊन उभी असलेली पाच माणसे अशाच एका फलकाखाली चिरडली गेली. या तिन्ही ठिकाणी मरणारे सामान्य लोक होते, आणि मारणारे फलक सामान्य दुकानदाराचे नव्हते. असा फलक उभा करावयास लाखो रुपये लागतात, जागा मिळवावी लागते, वरपर्यंत हात पोहोचावे लागतात.

दुसरी जात वाढदिवसाच्या फलकांची. तिचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. ती प्रत्येक गावात, प्रत्येक चौकात, दात विचकून आपल्याकडे पाहत असते. एक मोठा चेहरा, त्याखाली मध्यम चेहरे, त्याखाली तिकिटाएवढ्या चेहऱ्यांची रांग, आणि सर्वांत खाली ‘शुभेच्छुक’! या फलकांना परवाना असतो काय? मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी दिलेल्या निकालात बेकायदा फलक हटविण्याविषयी महापालिकांना आणि नगरपालिकांना सक्त आदेश दिले. बेकायदा फलक लावणार नाही, अशी हमी राजकीय पक्षांनी न्यायालयापुढे दिली. आणि पुढे काय झाले? २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला त्याच पक्षांना विचारावे लागले की, हमी मोडल्याबद्दल तुमच्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई का करू नये? सात वर्षे उच्च न्यायालय सांगत राहिले आणि शुभेच्छुक हसत राहिले. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची म्हण आमच्या पूर्वजांनी अनुभवाशिवाय रचलेली नाही. ज्या पथकाला चौकातला वीस फुटी चेहरा दिसत नाही, त्याला गल्लीतला भांडेवाल्याचा फलक मात्र लांबून दिसतो, असा अनुभव गावोगावचे लोक सांगतात. बऱ्हाणपुराने या गावांच्या पंगतीत बसू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

इच्छाशक्ती असेल तर काय घडते, हे पाहावयाचे असेल तर निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहावी. आचारसंहिता लागताच सरकारी मालमत्तेवरील राजकीय फलक २४ तासांत, सार्वजनिक जागेवरील ४८ तासांत आणि खाजगी मालमत्तेवरील बेकायदा फलक ७२ तासांत उतरले पाहिजेत, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. आणि ते उतरतातही! तेच नोकर, त्याच शिड्या, त्याच गाड्या, तोच १९९४ चा कायदा. एरवी जे वर्षानुवर्षे होत नाही ते तीन दिवसांत होते. मग उरलेल्या दिवसांत हा कायदा कोणाच्या सांगण्यावरून झोपतो?

या प्रश्नाला पैशाचीही एक बाजू आहे आणि तीकडे डोळेझाक करणे न्यायाचे होणार नाही. पूर्वी नगरपालिका-महापालिकांना जाहिरातींवर कर बसविता येत असे. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या यादीतील जाहिरात-कराची नोंदच वगळली आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. कर गेला, उरले ते परवान्याचे शुल्क आणि जागेचे भाडे. साहजिकच ज्याच्याकडून भाडे मोठे येते तो ठेकेदार आणि त्याचा लोखंडी सांगाडा पालिकेच्या डोळ्यांत भरतो. भांडेवाला शे-दोनशे रुपये देणार. त्याचा अर्ज तपासावयासच तेवढे खर्च होतात. नगरपित्यांची ही अडचण आम्ही समजू शकतो. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष नेमका उलटा आहे. ज्या अर्जातून उत्पन्न नाही, त्यावर सात मेजांचा खर्च तरी कशासाठी करावयाचा? नोंद घ्या, मुदत लिहा, शिक्का मारा आणि माणसाला दुकानाकडे जाऊ द्या!

इथवरच्या गोष्टी कोणत्याही शहराला लागू पडाव्यात अशा आहेत. पण बऱ्हाणपूर हे कोणतेही शहर नव्हे. हे कापडाचे गाव आहे. सतराव्या शतकात ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या येथून गेला, तेव्हा त्याने लिहून ठेवले की येथे तयार होणारे तलम कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जाते. सोन्याचांदीची तार ओढून कलाबतू करण्याची येथील विद्या दूरदूरच्या दरबारांना ठाऊक होती. पुढे ते वैभव ओसरले. सुरतेचा व्यापार मुंबईला गेला, बादशाही छावणी उठली, पण माग थांबला नाही. हातमाग गेले, यंत्रमाग आले. लालबागेतील तापी मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हा कित्येक घरांच्या चुली विझावयास आल्या. तरीही गल्लीगल्लीतील यंत्रमागांचा खडखडाट हाच आजही या शहराचा श्वास आहे. रात्री उशिरा स्टेशनावरून गावात येणाऱ्या पाहुण्याला शहर दिसण्यापूर्वी ऐकू येते!

अशा गावात, मागाच्या दारावरच, दिवाळीच्या सवलतीची जाहिरात कशावर छापलेली असावी? प्लॅस्टिकवर! ज्याला फ्लेक्स म्हणतात, तो पीव्हीसीचा लखलखीत पत्रा परगावाहून गुंडाळ्या-गुंडाळ्यांनी येतो, यंत्रातून छापून निघतो, महिनाभर मिरवतो आणि मग गटारीत, नाल्यात किंवा उकिरड्यावर जाऊन पडतो. तेथे कोणी काडी लावली तर त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल आणि डायॉक्सिनसारखी विषे धुराबरोबर वर चढतात, आणि तो धूर परत आपल्याच छातीत जातो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम करून १ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या अगर पीव्हीसीच्या फलकांवर बंदी घातली. ऐकावयास हे छान वाटते. परंतु बाजारात जो नेहमीचा फ्लेक्स मिळतो तो याहून जाडच असतो. तेव्हा तो या बंदीतून अलगद निसटतो. बारीक मासे पकडून मोठे सोडून देणारे जाळे क्वचितच पाहावयास मिळते, ते येथे पाहून घ्यावे. केरळ सरकारने अशी मायक्रॉनची मोजदाद न करता २०१९ मध्ये पीव्हीसी फ्लेक्सच्या वापरालाच बंदी केली.

फ्लेक्सच्या बाजूनेही बोलण्यासारखे काही आहे. तो स्वस्त पडतो, तासाभरात मिळतो, पावसात भिजत नाही, आणि जाहिरात संपल्यावर गरिबाच्या झोपडीवर छप्पर म्हणून तो चार पावसाळे काढतो. हा शेवटचा मुद्दा ऐकून हसू येत नाही. मोठमोठ्या चेहऱ्यांनी निदान एवढे तरी सार्थक केले, असेच म्हणावे लागते! पण त्या झोपडीला छप्पर पाहिजे म्हणून शहराने फ्लेक्स टांगावा, हा काही युक्तिवाद नव्हे.

कापडी फलक आमच्या पिढीने पाहिलेला आहे. मांजरपाटाला पांढरा हात द्यावयाचा, खडूची दोरी मारून ओळी आखावयाच्या, आणि मग पेंटर कुंचला घेऊन बसला की अक्षर कसे घोटीव निघावयाचे! तांबड्या अक्षराला काळी छाया, किंमत पिवळ्यात. रस्त्यावर ताणावयाचा फलक असेल तर वाऱ्याला वाट मिळावी म्हणून कापडाला जागोजाग अर्धचंद्री छेद द्यावयाचे, ही पेंटर लोकांची जुनी रीत. वादळ आलेच तर असे कापड फाटते. ते कोणाच्या डोक्यावर चौकटीसकट येऊन आदळत नाही. उतरविल्यावर त्याचे पुसणे होते, गठ्ठ्याचे वेष्टन होते, मागावरचे झाकण होते. हा सारा व्यवहार गावातल्या गावात राहतो: कापड येथल्या मागाचे, हात येथल्या पेंटराचे, शिलाई येथल्या शिंप्याची. ज्यांना कुंचल्याच्या अक्षराइतकी सवड नाही, त्यांच्यासाठी कापडावर छापण्याची यंत्रेही आता आहेत. फ्लेक्स छापणाऱ्या आमच्या बांधवांनी धंदा बंद करावा असे आम्ही म्हणत नाही, त्यांनी यंत्रात घालावयाची गुंडाळी बदलावी एवढेच सुचवितो.

यासाठी महापालिकेने करावयाचे ते अगदी थोडे आहे. सुती कापडाच्या तात्पुरत्या फलकाला शुल्क माफ करावे. फ्लेक्सला ते भरपूर ठेवावे. कोणावर सक्ती नको, उपदेश तर मुळीच नको. दुकानदाराला हिशेब उत्तम कळतो. दोन दरांतील तफावत त्याच्या नजरेस पडली की तो पेंटराकडे आपण होऊन जाईल. शहरभर फडकणारे हे कापड सगळे मिळून किती वार भरेल, याचे आकडे फुगवून सांगण्याचा मोह आम्ही टाळतो. त्याने यंत्रमागांचे संकट दूर होणार नाही. सुताचे भाव आणि विजेची देयके फलकांनी खाली येत नाहीत. तरी जे गाव स्वतःच्या मालाची जाहिरात परक्या प्लॅस्टिकवर करते, त्या गावाचे कापड बाहेरच्याने कोणत्या भरवशावर घ्यावे?

राहता राहिली भाषा. फलक म्हटला की अक्षर आले आणि अक्षर म्हटले की भाषा आली; तेव्हा हा विषय टाळून पुढे जाता येत नाही. महाराष्ट्रात दुकानांच्या नामफलकांवर मराठी सक्तीची आहे, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या व्यापाऱ्यांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. येथे तशी सक्ती कोणी मागत नाही आणि मागूही नये. बऱ्हाणपुरात हिंदी आहे, उर्दू आहे, निमाडी आहे, मराठी आहे, बोहरा बांधवांची गुजराती वळणाची बोली आहे. ज्या दुकानात ज्यांचे गिऱ्हाईक, त्या दुकानावर त्यांची भाषा आपोआप येते. रावेरहून केळीचा व्यापारी बाजाराला आला की मराठीतील फलक वाचून आत शिरतो; गिऱ्हाइकाला कोणत्या भाषेत हाक मारावी हे दुकानदाराला शिकवावे लागत नाही.

आमची मागणी फलकाच्या भाषेविषयी नसून परवान्याच्या भाषेविषयी आहे. नियमांचे पत्रक, अर्जाचा नमुना आणि दंडाची नोटीस मराठीतूनही मिळावी. येथील मराठी माणसाला हिंदी येते, हे आम्हास मान्य आहे. बोलावयास येते, बाजारहाट करावयास येते. परंतु ‘अस्थायी विज्ञापन अनुज्ञप्ति’ आणि ‘अधिरोपित शास्ति’ अशा शब्दांनी भरलेला कागद हिंदीच्या घरात जन्मलेल्या माणसालाही दोनदा वाचावा लागतो. दंड भरावयाचा आहे त्याला तो कशाबद्दल आहे हे पहिल्या वाचनात समजले पाहिजे. भारतीय संविधानाचा ३५० वा अनुच्छेद प्रत्येक माणसाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी मान्य झालेल्या संरक्षणांत तर आणखी एक गोष्ट आहे: ज्या जिल्ह्यात किंवा तहसिलीत एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक असतील, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध कराव्यात. ही अट येथील मराठीला आणि उर्दूला किती लागू पडते, हे जनगणनेची पुस्तके काढून पाहणे हे कारकुनाचे अर्ध्या तासाचे काम आहे.

आणि हे काही या शहराला नवे शिकावयाचे नाही. गांधी चौकातील जामा मशीद पाहावी. फारुकी घराण्यातील आदिलशहाने ती १५९० च्या सुमारास पुरी केली, तेव्हा आत अरबी शिलालेखाबरोबर संस्कृत शिलालेखही कोरविला. त्यात सृष्टिकर्त्याला नमन आहे, राजाची वंशावळ आहे आणि विक्रम संवताबरोबर शालिवाहन शकाचीही गणती दिलेली आहे. मशिदीत संस्कृत! राजाला आपल्या प्रजेतील किती लोक अरबी वाचतात आणि किती संस्कृत, याचा हिशेब मांडावासा वाटला नाही. दोन्ही प्रकारचे लोक माझे आहेत, एवढे त्याला पुरे होते. पुढे १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि आपल्या विजयाचा लेख त्याच मशिदीत कोरविला. पण या जेत्यानेसुद्धा आपला फलक आधीच्या फलकांवर चिकटविला नाही! ते तिन्ही लेख आज आपण वाचू शकतो. जे चारशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून करता आले, ते आज कागदावर छापून करण्यास अडचण कोणती?

तेव्हा परवाना कसा असावा, हे एकदा सरळ सांगून टाकतो. स्वतःच्या दुकानाच्या दर्शनी भागावर, रस्त्याच्या हद्दीत न येणारा कापडी फलक लावावयाचा असेल तर एका पानाची सूचना द्यावी आणि त्याच वेळी पोच घ्यावी. पोच हाच परवाना. फलकाच्या उजव्या कोपऱ्यात नोंदीचा क्रमांक आणि उतरविण्याची तारीख वितभर अक्षरांत लिहिलेली असावी, म्हणजे ती वाचावयास निरीक्षकाची गरज पडणार नाही. शाळेत जाणारे पोरही सांगेल की मुदत संपली. रस्त्यावरून आडवा जाणारा फलक असेल तर जागा पाहून, उंची ठरवून, तारांपासूनचे अंतर मोजून दोन दिवसांत होय की नाही ते लेखी कळवावे. नाही म्हणावयाचे असेल तर कारणही लिहावे. लोकसेवा वेळेवर देण्याची हमी कायद्याने देणारे मध्य प्रदेश हे देशातील पहिले राज्य. २०१० च्या त्या कायद्यात विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला अडीचशे रुपयांप्रमाणे पाच हजारांपर्यंत दंड आहे. तात्पुरत्या फलकाचा परवाना या हमीच्या यादीत ठसठशीत अक्षरांत असला पाहिजे. आणि चौकातील प्रत्येक मोठ्या सांगाड्याचा परवाना, मजबुतीचा दाखला व ठेकेदाराचे नाव त्या सांगाड्याच्या पायथ्याशी लावलेले असावे. पुढाऱ्याच्या वाढदिवसालाही कोपऱ्यात क्रमांक आणि तारीख असावी, नसल्यास त्या दिवशीच तो उतरावा, मग चेहरा कोणाचा का असेना. हा शेवटचा नियम अमलात येतो की नाही, यावर बाकीच्या सर्व नियमांची लाज अवलंबून आहे. तो पाळला गेला तर भांडेवाला कुरकुर न करता आपली तारीख पाळील.

आमच्या व्यापारी वाचकांनाही दोन शब्द सांगावयाचे आहेत. पालिकेकडे बोट दाखविण्यापूर्वी रस्त्यावर येऊन आपल्या दुकानाच्या माथ्याकडे एकदा पाहावे. गेल्या दिवाळीची सवलत अजून तेथे लोंबत असेल, तिचे एक टोक सुटून पावसाने काळे पडले असेल, तर ती उतरविण्यास कोणाच्याही परवान्याची गरज नाही. अर्जाचा नमुना श्रावण सरण्यापूर्वी छापून तयार व्हावा, म्हणजे गणपतीच्या मांडवांपासूनच नवी पद्धत सुरू करता येईल आणि बालाजीच्या मेळ्यापर्यंत ती अंगवळणी पडेल. त्यासाठी व्यापारी मंडळींनी एकत्र जाऊन मागणी करावी, ती लेखी करावी, आणि मराठीतून करावी. तोवर शिडी शेजाऱ्याकडे मिळेल.